घरच्या ठशाचे शुभेच्छापत्र

विजयादशमीचे सोने वाटून झाले, वाशीमच्या बालाजी मंदिरातील आश्विन उत्सवाची गजबज ओसरली, की सुगृहिणींचे लक्ष भाजणीच्या डब्यांकडे वळते. सोऱ्या घासूनपुसून निघतो, पणत्या पाण्यात भिजत पडतात, आणि मग कोणाला तरी आठवण होते की पुण्यामुंबईस नोकरीनिमित्त राहणाऱ्या आप्तांना दिवाळीचे पत्र टाकावयाचे राहिलेच! एकेकाळी या दिवसांत दुकानांच्या दारांतच शुभेच्छापत्रांच्या चवडी मांडलेल्या असत. ती जागा आता भ्रमणध्वनीवरील चित्रांनी घेतली आहे. एकच लक्ष्मी, एकच पणती, एकच चारोळी सकाळपासून पन्नास जणांकडून येते आणि आपणही ती पुढे पन्नास जणांकडे लोटतो. अशा वेळी हाताने ठसे उमटवून व कागद कातरून केलेल्या शुभेच्छापत्राविषयी चार शब्द लिहिणे अस्थानी होऊ नये.

शुभेच्छा देण्याघेण्याची वस्तू आपल्याकडे पूर्वापार आहे. तिला कागद लागत नव्हता इतकेच. दसऱ्याला आपट्याचे पान देतात. दोन पाकळ्या जोडून झालेला त्याचा आकार असा रेखीव, की निसर्गानेच तो साच्याने कापून ठेवला असावा. संक्रांतीला तिळगूळ, लग्नाच्या आमंत्रणाला अक्षता. दूरगावी राहणाऱ्या नातलगांना संक्रांतीच्या भेटकार्डात चिमूटभर हलव्याची पुडी घालून पाठविण्याची रीत अनेक घरांत होती, हे आजच्या आजीआजोबांना स्मरत असेल.

आपल्या जिल्ह्यातील आणखी एक प्रथा येथे आवर्जून सांगावीशी वाटते. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान, आणि या परिसरात तांडेही पुष्कळ. दिवाळीच्या अमावास्येस तांड्यातील अविवाहित मुली हाती दिवा घेऊन घरोघर जातात. या रीतीस ‘मेरा’ म्हणतात. प्रत्येक वडीलधाऱ्यास त्या त्या नात्याने हाक मारून दिव्याने ओवाळावयाचे, अशी ती पद्धत. आईसाठी निराळी हाक, वडिलांसाठी निराळी. शुभेच्छा कोणाला द्यावयाची आहे हे ठाऊक असल्यावाचून तेथे ती उच्चारताच येत नाही.

छापील शुभेच्छापत्राचा जन्म मात्र नेमका याच्या उलट कारणाने झाला. लंडनमध्ये हेन्री कोल नावाच्या कर्तबगार गृहस्थास नाताळात येणाऱ्या पत्रांना उत्तरे देण्यास सवड होईना, म्हणून १८४३ साली त्याने हॉर्स्ले या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतले व त्याच्या सुमारे हजार प्रती छापविल्या. वर नाव लिहावे, खाली सही करावी, काम आटोपले. सवडीच्या अभावातून जन्मलेली ही वस्तू पुढे जगभर पसरली.

आपल्याकडे घराघरांत रंगीत चित्रे पोहोचविली ती पुण्याच्या चित्रशाळेने आणि रविवर्म्याच्या छापखान्याने. चित्रशाळा १८७८ सालची. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. देव्हाऱ्यापर्यंत ज्यांना प्रवेश नव्हता त्यांच्याही भिंतीवर या चित्रांमुळे देव आले, हा त्यांचा केवढा उपकार! घरोघरच्या स्त्रियांनी त्या छापील लक्ष्मी-सरस्वतींच्या पातळांवर जरी लावली, टिकल्या व मणी जडविले. छापलेली वस्तू आपल्या हाताने आपली करून घेण्याची ती धडपड होती. आजच्या शुभेच्छापत्रावर टिकली चिकटविणारी मुलगी त्याच वाटेने चालली आहे.

परंतु या चित्रांबरोबर एक अडचणही आली, आणि भाविक घरांना ती दरवर्षी छळते. शुभेच्छापत्रावर छापलेल्या लक्ष्मीचे दिवाळीनंतर काय करावयाचे? चित्र देवीचे, म्हणून रद्दीत टाकवत नाही. देव्हाऱ्यात ठेवावे तर तेथे अशी किती पत्रे ठेवणार? मग कोणी पिंपळाच्या पारावर ठेवतात, कोणी निर्माल्यासमवेत पाण्यात सोडतात. वाशीम हे तर तीर्थांचे गाव. पद्मतीर्थासारख्या जलाशयात चकचकीत लेपाचा छापील कागद सोडणे म्हणजे तीर्थाची विटंबनाच होय, कारण तो लेप पाण्यात विरत नाही. आणि पारावर ठेवलेले चित्र वाऱ्याने उडून कोणाच्या पायदळी जाईल, याचा नेम नाही.

यावर घरी केलेले पत्र हा एक साधा उपाय आहे. देवीची मूर्ती काढावयाची नाही. तिच्या आगमनाची चाहूल तेवढी काढावयाची. पणती, कमळ, आंब्याच्या डहाळीचे तोरण, आकाशकंदील, उसाचे पेर. स्वस्तिक व लक्ष्मीची पावले ही चिन्हेही पूज्यच, तेव्हा ती काढावयाची तर पत्राच्या आत, आणि ज्या घरी पत्र जपून ठेवले जाईल अशी खात्री आहे तेथेच. वसुबारसेच्या सुमारास पोहोचणाऱ्या पत्रावर गाईवासराच्या खुरांचा ठसा फार शोभून दिसतो. चातुर्मासात ज्या घरी नित्य तेहतीस गोपद्मे काढण्याचे व्रत असते, तेथे त्या आकाराचा सराव हाताला असतोच.

ठसा ही गोष्ट तरी आपल्याला कोठे नवी आहे? वैष्णव परंपरेत गोपीचंदनात बुडविलेल्या पितळी मुद्रांनी शंखचक्रांचे ठसे अंगावर उमटवितात. त्याहून जुनी साक्ष हवी असेल तर वऱ्हाडातीलच घ्या. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम, आणि त्याच वंशाच्या मुख्य शाखेतील दुसऱ्या प्रवरसेनाचा जो ताम्रपट अमरावती जिल्ह्यातील चम्मक येथे सापडला, त्यास कडी व राजमुद्रा आहे. मजकूर कोणाचा, याची ग्वाही मुद्रा देई. घरातील मुलीने कोरलेला बटाट्याचा ठसाही आपल्या परीने तेच काम करतो.

तो बटाटा कसा कोरावा, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. मध्यम आकाराचा कडक बटाटा एकाच सपाट घावाने कापावा. सुरीचा हात दोनदा फिरला तर पृष्ठभाग वरखाली होतो व ठसा तुटक येतो. कापलेली बाजू फडक्यावर पालथी घालून पाणी शोषू द्यावे. मग पेन्सिलीने आकृती काढून तिच्या बाहेरचा भाग पाव इंच खोल कोरून टाकावा. ‘श्री’ कोरावयाचा असल्यास तो उलटा कोरावा लागतो, हे मुले हमखास विसरतात. पातळ कागदावर ‘श्री’ लिहून कागद उजेडासमोर पालथा धरला की उलटे अक्षर दिसते, ते गिरवावे. रंग बशीत न ओतता, ओल्या फडक्याच्या घडीवर पसरून शाईची गादी करावी, म्हणजे ठसा रंगात बुडत नाही. बटाटा एका दिवसाचा सोबती. दुसऱ्या दिवशी तो सुकून आकसतो.

भेंडीला तर कोरावेही लागत नाही. देठाकडून बोटभर खाली आडवी कापली की पाच पाकळ्यांचे फूल आयतेच मिळते. कोवळी भेंडी दबते, म्हणून भाजीसाठी नाकारलेली जून भेंडीच या कामी घ्यावी. टिकाऊ ठसा हवा असेल तर खोडरबर कोरावे, अथवा कापडावर छपाई करणाऱ्यांचे लाकडी ठसे मिळतात ते आणावेत. रांगोळीचे छिद्रांचे पत्र्याचे छापेही कामास येतात. कागदावर छापा ठेवून छिद्रांतून पातळ खळ लावावी, छापा उचलून वर कोरडी रांगोळी भुरभुरावी व वाळल्यावर झटकावी. हळदीचा मोह मात्र टाळावा. तिचा रंग उजेडात लवकर विटतो.

आता कातरकाम. छापखान्यातून लग्नपत्रिका नक्षीदार कडांच्या होऊन येतात त्या ‘डाय’वर. लाकडी फळीत पोलादी धारेची पट्टी हव्या त्या आकारात वाकवून बसवितात व यंत्राने ती कागदावर दाबतात, की शेकडो कागद एकसारखे कापून निघतात. खिळ्यांची छपाई मागे पडली तेव्हा पुष्कळ जुनी ट्रेडल यंत्रे याच कामाला लागली. खंडेनवमीला त्यांची पूजा होते ती वेगळीच. घरगुती वापरासाठी हाताने फिरवावयाची लहान यंत्रे व पंचही आता मिळतात. ते घ्यावेत, पण त्यांच्यावाचून अडत नाही. शिंप्याची नागमोडी कातरी कडेला पुरते. करंज्यांची कड कापावयाचे कातणे जाड कागदावर दाबून फिरविले तर कागद कापला जात नाही, पण सुरेख वळणदार रेघ उठते.

सर्वांत देखणी युक्ती खिडकीची. पत्राच्या पुढल्या पानावर पणतीच्या ज्योतीएवढे भोक कापावयाचे, आणि आतल्या पानावर नेमके त्या जागी पिवळा ठसा उमटवावयाचा. पत्र मिटलेले असताना पणती पेटलेली दिसते. आकाशकंदिलाच्या आकाराचे झरोके कापून मागून पतंगी कागद लावला तर पत्र खिडकीपाशी उभे करताच रंग उजळतात. सोनेरी चुरा, चकमक, प्लास्टिकची फुले यांची दाटी करण्याची हौस अलीकडे फार दिसते. आमच्या मते एका पत्रावर एक ठसा व एक झरोका पुरे. कोरा कागदही चित्राचाच भाग असतो.

कागदाविषयी थोडेसे. घडी घालण्यापूर्वी कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो सहज वाकतो त्याच दिशेने घडी घालावी, म्हणजे ती फाटत नाही. हातकागदाला असा कल जवळजवळ नसतो. पुण्यात १९४० साली के. बी. जोशी यांच्या प्रयत्नांतून हातकागद संस्था उभी राहिली, ती गांधीजींच्या प्रेरणेने. सुती चिंध्यांपासून तेथे कागद होऊ लागला. कपाशीच्या मुलखात राहणाऱ्या आपणांस त्या कागदाचा खरखरीत स्पर्श परका वाटू नये. त्याच्यावर चकचकीत लेप नसल्याने तो मातीत मिसळतो, आणि वर सांगितलेली तीर्थाची अडचणही उरत नाही.

टपालाचा हिशेबही आधीच करावा. साध्या पत्राच्या वजनाचा पहिला टप्पा वीस ग्रॅमचा. चौरस मीटरला दोनशे ग्रॅम वजनाच्या कार्डशीटचा नेहमीच्या आकाराचा अर्धा ताव सहा ग्रॅमच्या आसपास भरतो; पाकिटाचे पाचसहा धरले तरी अक्षतांच्या लहानशा पुडीला जागा उरते. मणी व खडे मात्र टपालात दबून पाकीट फाडतात.

कुंकवाची पुडी कोणाच्या पाकिटात घालावी, यावर पुष्कळ घरांत अजूनही कुजबुज होते. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांवर लादल्या जाणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला व राज्य शासनाने तो इतर गावांपुढे ठेवला. तेव्हा मावशीच्या वा आत्याच्या पाकिटातून पुडी परस्पर काढून घेण्यापूर्वी तिलाच विचारावे, हे बरे.

आणि याहून नाजूक प्रश्न असतो तो शोक झालेल्या घराचा. वर्षभरात ज्या घरातील माणूस गेले, तेथे त्या दिवाळीला फराळ करीत नाहीत. आप्तेष्टच डबे पोहोचवितात. ही रीत आजही अनेक कुटुंबांत पाळली जाते. पण पत्राचे काय? ‘ही दीपावली आपणांस सुखसमृद्धीची व भरभराटीची जावो’ अशा छापील ओळी त्या घरी जाणे क्रूरपणाचे. म्हणून सारेच जण त्यांचे नाव यादीतून मुकाट्याने गाळतात. परिणामी ज्या वर्षी त्या घराला माणसांची सर्वाधिक गरज असते, त्याच वर्षी त्यांच्या दारी टपाल येत नाही. हेतू सगळ्यांचा चांगला, आणि दार मात्र सुने.

फराळाचा डबा जातो तसे पत्रही जावे. पांढऱ्या कागदावर एकच पणती, सोनेरी रंग नको, तोरण नको, ‘शुभ दीपावली’ ही अक्षरेही नकोत. धनत्रयोदशीला दक्षिणेकडे तोंड करून यमदीप लावतो, तेव्हा मृत्यूचे नाव दिवाळीतही आपण घेतोच. आत स्वतःच्या हाताने एवढेच लिहावे: “काकांची फार आठवण येते. भाऊबीज झाली की आम्ही दोघे भेटावयास येतो.” दुकानात असे पत्र मिळत नाही, कारण ते कोणासाठी आहे हे दुकानदारास ठाऊक नसते.

असो. कामाला कोजागरीची रात्र उत्तम. दूध आटेपर्यंत घरातील सर्वांना जागावयाचे असतेच, आणि लक्ष्मीपूजन तेथून पंधरवड्यावर असते. आजीने नावे सांगावीत, मुलांनी ठसे उमटवावेत, ज्याचे अक्षर बरे त्याने पत्ते लिहावेत. ठशांचा रंग रात्रभर वाळू द्यावा आणि सकाळी पाकिटे बंद करून त्याच दिवशी टपालपेटीत टाकावीत, म्हणजे दूरच्या गावांचीही वसुबारसेपर्यंत पोहोचतील.