सत्तांतर व गोमंतकांतील फुटबॉलची साखळी

राज्य बदललें म्हणजे नाणें, दफ्तर व निशाण बदलतें, हें सर्वांस परिचित आहे. खेळाचें मैदानही यांतून सुटत नाहीं, हें मात्र क्वचितच ध्यानांत घेतलें जातें. १९३८ मध्यें जर्मनीनें ऑस्ट्रिया घशांत घातल्यावर तेथील राष्ट्रीय साखळी जर्मन स्पर्धेची केवळ एक प्रांतिक शाखा झाली, व व्हिएन्नाचा रॅपिड संघ १९४१ मध्यें जर्मनीचा विजेता ठरला. या प्रकाराचें आपल्या शेजारचें उदाहरण म्हणजे गोमंतक होय.

तेथें फुटबॉल आणला तो पोर्तुगीज सरकारनें नव्हे. १८८३ मध्यें शिवोलीस आलेल्या विल्यम लायन्स या ब्रिटिश पाद्र्याकडे त्याचें श्रेय दिलें जातें. अव्वल श्रेणीची साखळी १९५१ मध्यें सुरू झाली, ती भारतांत विलीनीकरणाची मागणी जोर धरीत असतां. लिस्बनशीं नातें दृढ करण्याचा तो एक मार्ग होता, असें मानावयास जागा आहे. तथापि सरहद्द खेळाडूंस पुरती अडवूं शकली नाहीं. आसगांवांत जन्मलेले नेव्हिल डिसोझा मुंबईंत टाटांच्या संघांतून खेळले, आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकांत ऑस्ट्रेलियावर त्यांनीं केलेले तीन गोल भारताच्या खातीं जमा झाले. त्यांची जन्मभूमि तेव्हां पोर्तुगीज अंमलाखालीं होती!

१९ डिसेंबर १९६१ रोजीं ती राजवट संपली. १९५९ मध्यें पोर्तुगीज नांवानें निघालेली फुटबॉल-संस्था 'गोवा फुटबॉल असोसिएशन' झाली. संघ मात्र मोडले नाहींत. 'वास्को' हें नांवही राहिलें. याचें कारण आश्रयदात्यांत शोधावें लागतें. साळगांवकरांचा संघ १९५६ चा, म्हणजे सत्तांतरापूर्वींचा. लोहखनिजाचा व्यापार नव्या राज्यांतही चालला, आणि खाणमालकांच्या पैशावर संघ पोसले गेले. धेंपो संघानें तर २००५ ते २०१२ या काळांत पांच वेळां राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें.

पुढें राष्ट्रीय महासंघानें सर्वोच्च स्थान नव्या व्यापारी साखळीस देण्याचा बेत मांडला. त्याच्या निषेधार्थ २०१६ मध्यें साळगांवकर व स्पोर्टिंग हे गोव्याचे संघ राष्ट्रीय साखळींतून बाहेर पडले. गोव्याच्या साखळींत मात्र ते खेळत राहिले. तात्पर्य, राज्यकर्ते साखळीचें नांव व तिची वरची पायरी बदलूं शकतात. तिचा पाया गांवच्या मैदानावर व आश्रयदात्यांच्या थैलीवर असतो. १९६१ च्या सत्तांतरांत हा पाया हालला नाहीं, म्हणूनच साखळी टिकली.