साठ फुटांची पट्टी

घटनेची वा काँग्रेसची स्पष्ट अनुज्ञा नसतां सैन्याकडून पोलिसाचें काम करवूं नये, असा अमेरिकेंत १८७८ पासून कायदा आहे. मग २०२५ सालीं मेक्सिकोच्या सीमेवर शिपायांस माणसें अडविण्याचा अधिकार मिळाला कसा? उत्तर जमिनीच्या दप्तरांत आहे. चोरटा व्यापार रोखण्यासाठीं अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं १९०७ सालीं कॅलिफोर्निया, ॲरिझोना व न्यू मेक्सिको येथील सीमेलगतची साठ फूट रुंदीची सरकारी जमीन राखून ठेविली. (टेक्ससांत ती राज्याचीच, म्हणून तें सुटलें.) एप्रिल २०२५ मध्यें न्यू मेक्सिकोंतील पट्टी व तिच्या आसपासची बरीच जमीन लष्कराच्या ताब्यांत देऊन ॲरिझोनांतील एका छावणीचा भाग ठरविली गेली. आपल्या आवारांत शिरलेल्यास पहारेकऱ्यानें हटकून पोलिसांच्या हवालीं करावें, यांत गैर तें काय? युक्ति मोठी वकिली! पण शाळेचें आवार पोरांस ठाऊक असतें. रात्रीं माळरान तुडविणाऱ्या मजुरास तीच छावणी आहे हें कसें कळावें? मे २०२५ मध्यें तेथील न्यायाधिकाऱ्यानें हेंच विचारून अनेकांवरील लष्करी हद्दींत शिरल्याचे आरोप काढून टाकले. बेकायदा प्रवेशाचा आरोप मात्र कायम राहिला.