त्याईले कोनी इचारलं काय?

पदवीदान समारंभातलं भाषण सहसा कुणी ऐकत नाही. पाहुणे बोलत असतात, पोरं अंगावरचा झगा सावरत फोटो काढत असतात आणि मागच्या खुर्च्यांवर आईबाप आपल्या लेकराचं नाव कधी पुकारतात याची वाट बघत असतात. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीतले प्राध्यापक नील पोस्टमन यांनी अशी दोनेक डझन भाषणं सोसली आणि शेवटी स्वतःच एक लिहून काढलं. पाव तासाच्या आत आटोपणारं. ‘कॉन्शिअन्शस ऑब्जेक्शन्स’ या १९८८ च्या पुस्तकात त्यांनी ते छापलं आणि वर मुभाही दिली, की ज्याला हवं त्यानं खुशाल म्हणून दाखवावं, माझं नाव घ्यायचीही गरज नाही.

ही मुभा मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षं वापरली. अभ्यासक्रमात हे भाषण नव्हतं. तास मोकळा मिळाला की फळ्यावर दोन शब्द लिहायचो : अथेनियन आणि व्हिसिगॉथ. जगात दोन जुने लोकसमूह होऊन गेले, असं पोस्टमन सांगतात. पहिले अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्सला राहणारे. त्यांनी लोकशाही दिली, नाटक दिलं, तत्त्वज्ञान दिलं. दुसरे साधारण सतराशे वर्षांपूर्वीचे, घोडदौडीत तरबेज, पण भाषेत बारकावा नाही, कलेत नजाकत नाही. जिथे गेले तिथे नासधूस. आणि पुढे खरी गोम अशी, की हे दोघे अजून मेलेले नाहीत. ते आपल्या वागण्यातून जगतात, तेव्हा तुम्ही कोण होणार ते ठरवा.

इंग्रजी शिकवायला याहून सोयीचा मजकूर मला सापडला नाही. यवतमाळच्या दत्त चौकातल्या पाट्या तीस दिवसांत फाडफाड इंग्रजीचं आश्वासन देतात. तिथून आलेल्या मुलांना बारा टेन्स तोंडपाठ असतात, पण टेन्स म्हणजे त्यांच्या लेखी गाळलेल्या जागा भरायचं काम. पोस्टमनचं भाषण भूतकाळात सुरू होतं : ते राहत, ते करत, ते लढत. मग मध्येच वर्तमानकाळ येतो. मी थांबून विचारायचो, काळ का बदलला? वर्ग गप्प. ‘वॉज’चा ‘इज’ होतो नेमक्या त्याच ठिकाणी वक्त्याचं सगळं म्हणणं उभं आहे, हे उमगायला कधी अर्धा तास लागायचा, कधी आठवडा.

दुसरी गंमत वाक्याच्या साच्याची. अमुक असणं म्हणजे तमुक करणं, या एकाच साच्यात पोस्टमन वाक्यामागून वाक्य ओततात. एकदा अथेनियनचं, लगेच व्हिसिगॉथचं. साचा कळला की त्यात आपला माल भरता येतो. ‘टू बी अ फार्मर इज टू वॉच द स्काय.’ शेतकरी असणं म्हणजे आभाळाकडे डोळे लावणं. आपलं ‘णं’ आणि त्यांचं ‘टू’ एकाच कामाचे. आपण ते क्रियापदाच्या शेपटीला बांधतो, ते डोक्यावर ठेवतात, एवढाच फरक. कापूस खरेदीच्या रांगेत बापासोबत रात्र काढून आलेल्या एका मुलीनं लिहिलं होतं, ‘टू सेल कॉटन इज टू वेट.’ सहा शब्द आणि व्याकरणाची एक चूक नाही.

शब्दांच्या गोष्टी तर विचारूच नका. ‘इडियट’ हा मूळ ग्रीक शब्द, सार्वजनिक कामात न पडता आपल्यापुरतं पाहणारा खाजगी माणूस, अशा अर्थाचा. ‘बार्बेरियन’ म्हणजे ज्याचं बोलणं कानाला नुसतं बर्बर-बर्बर ऐकू येतं तो. ग्रीकांना बाकीचं जग असं ऐकू यायचं. आपणही कमी नाही. ‘म्लेंच्छ’ शब्दाच्या मुळाशीही अस्पष्ट बोलणंच आहे. आणि खुद्द अथेन्सवाले ज्या आयोनियन शाखेचे, त्या नावावरूनच आपला ‘यवन’ आला. (यवतमाळशी त्याचा संबंध जोडू पाहणारा एक तरी विद्यार्थी दरवर्षी निघायचा.)

असंच एकदा सगळं रंगात आलेलं असताना पुसदकडच्या बंजारा तांड्यावरून येणारा एक मुलगा मागच्या बाकावरून म्हणाला, ‘‘सर, पन त्या व्हिसिगॉथाईले कोनी इचारलं काय?’’

प्रश्न रास्त होता. उत्तर शोधायला गेलो तर पोस्टमनचा व्हिसिगॉथ फार एकांगी निघाला. ४१० मध्ये अलारिकच्या नेतृत्वाखाली त्यांनी रोम लुटलं, हे खरंच. पण त्याआधी, चौथ्या शतकातच, वुल्फिला नावाच्या बिशपनं गॉथिक भाषेसाठी लिपी घडवून बायबल उतरवलं होतं. त्या भाषांतराची एक हस्तलिखित प्रत, जांभळ्या चर्मपत्रावर रुपेरी शाईनं लिहिलेली, आजही स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात आहे. पुढे स्पेनमध्ये राज्य केलं तेव्हा त्यांनी ६५४ च्या सुमारास सबंध कायदेसंहिता रचली. उलट अथेन्सच्या लोकशाहीत बायका आणि गुलामांना मत नव्हतं, आणि इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये सॉक्रेटिसला विषाचा पेला दिला तो रीतसर मतदान घेऊनच.

पोस्टमनना हे ठाऊक नसेल, असं मी म्हणणार नाही. त्यांना इतिहास शिकवायचा नव्हता, पंधरा मिनिटांत पोरांना जागं करायचं होतं. पण हे भाषण न्यूयॉर्कमध्ये ऐकणं वेगळं आणि झरी-जामणी, मारेगाव, केळापूरकडच्या पोरांनी ऐकणं वेगळं. इथे वर्गातच कोलाम बसलेला असतो. सरकारदरबारी त्याची जमात विशेष असुरक्षित आदिवासी गटात मोडते, महाराष्ट्रात असे तीनच गट : कोलाम, कातकरी आणि माडिया गोंड. त्याची कोलामी द्राविडी कुळातली, मराठीपेक्षा तेलुगूच्या जवळची. भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी १९५५ मध्ये तिच्यावर व्याकरणासकट सबंध पुस्तक लिहिलं. ‘तुमच्या भाषेत बारकावा नाही’ हे वाक्य त्या मुलानं सतराशे वर्षांपूर्वीच्या व्हिसिगॉथांबद्दल म्हणून ऐकलेलं नसतं. शेजारच्या गावात ऐकलेलं असतं.

यवतमाळनं भाषणाचा आणखी एक नमुना पाहिला. जानेवारी २०१९ मध्ये ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरलं. उद्घाटनाला इंग्रजीत लिहिणाऱ्या नयनतारा सहगल यांना बोलावलं आणि ऐन वेळी ते निमंत्रण मागे घेतलं. त्यांचं लिहून तयार असलेलं भाषण मग मराठीत येऊन छापलं गेलं आणि मांडवात ऐकलं असतं त्याहून किती तरी जास्त लोकांनी वाचलं. उद्घाटन केलं कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. नवऱ्याच्या आत्महत्येनंतर मागे उरलेल्या शेतकरी बाई. त्या वर्षी वर्गात मी मूळ इंग्रजी भाषण आणि त्याचा मराठी अनुवाद शेजारी शेजारी ठेवून वाचायला दिले. मुलांनी अनुवादातल्या तीन जागांवर हरकत घेतली, त्यातल्या दोन मला मान्य करणं भाग पडलं.

परत त्या तांड्यावरच्या मुलाकडे. पोस्टमनचा साचा वापरून आपल्या माणसांवर पाच वाक्यं लिहा, असा गृहपाठ मी दिला होता. मला वाटलं, तो बंजाऱ्यांची बाजू मांडणार. चार वाक्यं तशीच होती, लेंगी गाण्यांची, होळीची, बैलांची. पाचवं असं : ‘टू बी अ गोर इज टू कॉल अदर्स कोर.’ बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीत आपला तो गोर, बाहेरचा तो कोर. म्हणजे मी, त्याचा मास्तर, कोर.

‘कोर’चं स्पेलिंग त्यानं आधी ‘सी’नं लिहून खोडलं होतं आणि वर ‘के’ काढला होता. लाल पेन हातात घेऊन मी विचारलं, यातलं बरोबर कोणतं?

‘‘थे आमी लिहत नाई सर,’’ तो म्हणाला, ‘‘बोलतो.’’