वणवा लागण्याआधी

मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंतच्या पानझडी जंगलात फेब्रुवारीच्या मध्यापासून पहिल्या पावसापर्यंत वणव्याची भीती असते. सागाची पाने गळून घोटाभर पाचोळा साचतो, गवत वाळून कडक होते. तरीही हे जंगल आपोआप क्वचितच पेटते. आग बहुधा माणसाच्या हातून लागते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले गळतात. पाचोळ्यात ती सापडत नाहीत, म्हणून झाडाखालची जागा जाळून साफ करतात. तेंदूला कोवळी पाने फुटावीत म्हणूनही झुडपे पेटवली जातात. शेताचे धुरे जाळताना किंवा विडीचे थोटूक टाकल्यानेही आग जंगलात शिरते.

ती अडवण्यासाठी वनविभाग हिवाळ्यातच जाळरेषा आखतो. ठरलेल्या पट्ट्यातले गवत कापून तिथेच वाळवतात. मग वारा पडलेला असताना, सकाळी किंवा संध्याकाळी, ते वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जाळत नेतात, म्हणजे ज्वाळा बुटक्या राहतात. दोन्ही कडांनी मजूर ओल्या डहाळ्या घेऊन चालतात आणि पट्ट्याबाहेर पडलेली ठिणगी झोडपून विझवतात. मात्र पानगळ पुढेही चालूच असते. जाळरेषेवर पुन्हा पाचोळा पडला की ती आग अडवू शकत नाही. म्हणून ब्लोअरने किंवा झाडूने ती हंगामभर साफ ठेवावी लागते.

वणवा लागल्यास भारतीय वन सर्वेक्षणाकडून उपग्रहाच्या आधारे मोबाइलवर इशारा येतो. पण उपग्रहाच्या दोन फेऱ्यांमध्ये लागलेली लहान आग निसटू शकते, त्यामुळे पायी गस्तीला पर्याय नाही. आग झोडपून आवरेनाशी झाली, तर तिच्या पुढे काही अंतरावर पट्टा साफ करून तिथून उलट आग सोडतात. दोन्ही आगी भिडल्या की जळायला काही उरत नाही. त्यानंतरही धुमसणारे ओंडके माती टाकून विझवावे लागतात.

भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव वनात आग लावणे गुन्हा आहे. पण खरा बचाव वेचणाऱ्यांच्या हातात आहे. मोहाखाली जाळी अंथरली किंवा जागा झाडून घेतली, तर जाळावे लागत नाही. तेंदूची झुडपे छाटली तरी नवी पालवी फुटते. आगीत मोहाची रोपे मरतात आणि जुन्या झाडांची जागा घ्यायला नवी उरत नाहीत. वनहक्क कायदा, २००६ ने ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार दिला आहे. मोहफुले आणि तेंदू हंगामाआधीच ग्रामसभेने न जाळण्याचा ठराव केला आणि पाळला, तर आगीचे सर्वांत मोठे कारणच दूर होते.