बंदराची पेटी रुळांवर

शहर वाढले की प्रथम डोळ्यांत भरते ती इमारतींची उंची. पण त्या वाढीचा भार वाहतात रस्ते. मुंबईहून अहमदाबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाने आपल्या बडोद्यास व्यापार दिला, आणि त्याबरोबरच लोखंडी पेट्या वाहणाऱ्या ट्रेलरांची अखंड रांगही दिली. हा माल रुळांवर नेता येईल काय, हा प्रश्न व्यापाऱ्यांइतकाच महामार्ग ओलांडून शाळेत येणाऱ्या मुलांचा आहे, असे आम्हांस वाटते.

ही पेटी म्हणजे कंटेनर. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन व्यावसायिकाने अशा ५८ पेट्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला जहाजाने धाडल्या. माल न उलगडता पेटीच गाडीवरून जहाजावर चढवावयाची, एवढीच ती कल्पना. पण तिने जगातील बंदरांचे रूप पालटले. आपल्याकडे न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले.

पेटीची प्रमाण लांबी २० फूट. ४५ वाघिणींची मालगाडी अशा ९० पेट्या नेते. रस्त्याने तेवढ्यासाठी ४० फुटी ४५ ट्रेलर लागतात. पोलादी रुळावर पोलादी चाकास घर्षण कमी, म्हणून इंधनही कमी. मग व्यापारी रस्ताच का धरतो? कारणे दोन. एकाच मार्गावर दोन्ही गाड्या धावल्या की प्रवासी गाडीस आधी वाट मिळते, मालगाडी बाजूच्या रुळावर तिष्ठते आणि माल पोहोचण्याचा दिवस अनिश्चित होतो. दुसरे असे की, आगगाडी कारखान्याच्या दारी येत नाही. क्रेन व ट्रेलर लागतातच, आणि पल्ला जवळचा असला तर तो खर्च सारी बचत गिळून टाकतो.

पहिल्या अडचणीवर उपाय निघाला आहे. दादरी ते न्हावाशेवा असा १,५०६ किलोमीटरचा पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग केवळ मालगाड्यांसाठी आखला गेला. त्यावरील विजेची तार सुमारे साडेसात मीटर उंच असल्याने पेटीवर पेटी रचता येते. त्यातील मकरपुरा ते घोलवड हा २४४ किलोमीटरचा टप्पा मार्च २०२४ मध्ये राष्ट्रार्पण झाला.

दुसरी अडचण मात्र नगररचनेची आहे. जकातीची तपासणी होऊन पेटीस सील लागते तो डेपो भर वस्तीत असेल, तर महामार्गावरची गर्दी डेपोच्या दाराशी येऊन उभी राहील. तो शहराबाहेर हवा; तेथून औद्योगिक वसाहतींकडे जाणारा स्वतंत्र रस्ता हवा, आणि त्या रस्त्यावर शाळा वा गाव येता कामा नये. ट्रेलरचालकाच्या पोटाचाही विचार हवा. लांबचा पल्ला रेल्वेकडे गेला तरी डेपो ते कारखाना ही फेरी त्याचीच राहते; ती नीट आखली, तर रात्री तो आपल्या घरी परतू शकेल.

वाचकहो, याच भूमीत १८६२ साली खंडेराव महाराजांच्या अमदानीत डभोई–मियागाम हा अरुंद लोहमार्ग सुरू झाला, तेव्हा प्रारंभी डबे बैलांनी ओढले. त्यावेळी रूळ होते, इंजिनाची वाट पाहावी लागली. आज इंजिनही आहे, रूळही आहेत. रुळांपासून कारखान्यापर्यंतची वाट मात्र नगरानेच आखावयाची आहे, आणि भोवतालची जमीन घरांनी भरून जाण्यापूर्वीच आखावयाची आहे.