जिनांना का नाही?

कळवणच्या एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात गांधींचा विषय निघाला की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला कोणीतरी हमखास विचारतं, "एवढाच राग होता तर जिनांना का नाही मारलं?" उत्तराची वाट कोणी बघत नाही. चहा आलेला असतो, नांदुरीची गाडी लागलेली असते. मला मात्र हा प्रश्न वर्षानुवर्षं सोडत नाही. त्यापायी घरातलं एक कपाट भरलं आणि घरच्यांचा संयम संपत आला. बाकी प्रश्न भाबडा नाही. त्याच्या पोटात दुसरा, मोठा प्रश्न आहे: धर्मासाठी हत्यार उचलणारा माणूस परक्याला सोडून आपल्याच धर्मातल्या थोर माणसावर का धावून जातो?

आपल्याकडे तयार उत्तर असतं, फाळणी आणि पाकिस्तानला द्यायचे पंचावन्न कोटी. हे ऐकलं की मी १९३४ काढतो. त्या वर्षी २५ जूनला पुण्यात नगरपालिकेतर्फे गांधीजींना मानपत्र द्यायचं होतं. कार्यक्रमाला येणाऱ्या मोटारीवर बॉम्ब पडला. त्या मोटारीत गांधीजी नव्हते, ते मागच्या गाडीत होते. नगरपालिकेचे अधिकारी आणि पोलीस जखमी झाले. बॉम्ब टाकणारा कधीच सापडला नाही. आता विचार करा, 'पाकिस्तान' हे नाव केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या चौधरी रहमत अली यांनी पत्रकात छापलं त्याला तेव्हा दीडच वर्ष झालं होतं. पंचावन्न कोटींचा प्रश्न जन्मायला अजून तेरा वर्षं होती. मग पुण्यात राग कशाचा होता?

राग देवळाच्या दाराचा होता. १९३२ च्या येरवडा करारानंतर गांधीजी अस्पृश्यतेविरुद्ध देशभर फिरायला निघाले. नोव्हेंबर १९३३ मध्ये वर्ध्याहून सुरू झालेला हा दौरा १९३४ च्या पावसाळ्यात संपला, आणि प्रवास भरला साडेबारा हजार मैलांच्या आसपास. ठिकठिकाणी देवळं आणि विहिरी खुल्या झाल्या, ठिकठिकाणी काळी निशाणंही आली. बैजनाथधामाजवळ, जसीडीहला, त्यांच्या मोटारीवर लाठ्या पडल्या, काच फुटली. काशीचे पंडित लालनाथ तर निदर्शकांची फळी घेऊन त्यांच्या मागोमाग फिरत. अजमेरला याच लालनाथांना गांधींच्या बाजूच्या लोकांकडून मार बसला. त्याचं प्रायश्चित्त म्हणून गांधीजींनी ऑगस्टमध्ये वर्ध्याला सात दिवस उपास केला. विरोधकाला आपल्या माणसांनी मारलं म्हणून स्वतः उपाशी राहणारा पुढारी! अशा माणसाशी लढायचं कसं, हे सनातन्यांना कळेना, आणि त्यांची ती पंचाईत मी समजू शकतो.

खरी मेख पुढे आहे. गांधीजी स्वतःला सनातनी हिंदू म्हणवत. १९२१ साली त्यांनी तसं लिहूनच ठेवलं होतं. वेद मानतो, पुनर्जन्म मानतो, गाय मानतो, आणि म्हणूनच अस्पृश्यता मानत नाही, असा त्यांचा पवित्रा. ते नास्तिक असते, ख्रिस्ती झाले असते, निदान साहेबी सुधारक असते, तर सनातन्यांनी त्यांना धर्मबुडवा म्हणून हातावेगळं केलं असतं. हा माणूस मात्र पंचा नेसतो, गीता वाचतो, रामनाम घेतो आणि लाखो हिंदूंना पटवतो की खरा धर्म हा आहे, तुमचा नव्हे. जिना कितीही मोठे झाले तरी हिंदू कोण आणि हिंदू धर्म काय, हे ठरवू शकत नव्हते. गांधी ठरवू शकत होते, नव्हे, ठरवत होते.

आमच्या कळवणच्या कोर्टाच्या आवारात बाकावर तासभर बसा. शेतीचे दावे ऐकलेत तर बहुतेक भावकीचे निघतील. परक्यानं बांध कोरला तर माणूस शिव्या देतो आणि मोजणी आणतो. सख्ख्या चुलतभावानं कोरला तर कोयता निघतो, कारण त्याच्याही हातात त्याच आजोबाचा सातबारा असतो.

इथं नाशिक जिल्ह्यातल्याच एका गोष्टीकडे वळल्याशिवाय राहवत नाही. नाशिकला गेलो की मी काळाराम मंदिराकडे चक्कर टाकतोच, दर्शनाइतकीच त्या दरवाजासाठी. २ मार्च १९३० ला बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली इथं सत्याग्रह सुरू झाला. दारं बंद राहिली, रामनवमीच्या रथाच्या वेळी दगड पडले, लढा काही वर्षं चालला आणि दार काही उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचं जाहीर केलं. कळवणहून दोन्ही गावं एका दिवसात बघून होतात, पण त्या दोन तारखांमधलं अंतर मला फार मोठं वाटतं. बाबासाहेबांनी घराशी नातं तोडायचं ठरवलं. गांधीजी घरातच ठाण मांडून बसले. बाबासाहेबांना गांधी फार सौम्य आणि वर्णव्यवस्थेला चिकटलेले वाटत, आणि त्यांची ती टीका मला बऱ्याच अंशी पटते. त्याच गांधींवर पुण्यात बॉम्ब पडावा, यातच सनातनी राग कुठून येतो ते कळतं.

आता १९४८. १२ जानेवारीच्या प्रार्थनेत गांधीजींनी उपास जाहीर केला, १३ ला तो सुरू झाला. पंचावन्न कोटी देण्याचा सरकारचा निर्णय १५ तारखेचा. पण नथुराम गोडसेनं आपल्या विम्याच्या पॉलिशींवर कटातला साथीदार आपटे आणि भाऊ गोपाळ गोडसे यांच्या पत्नींची नावं लावली ती १३ आणि १४ तारखेला. पंचावन्न कोटी सांगणाऱ्यांपुढे मी या तारखा ठेवतो. बहुतेक वेळा विषय बदलतो.

१८ तारखेला दिल्लीतल्या सर्व जमातींच्या पुढाऱ्यांनी, त्यांत हिंदू महासभेचे स्थानिक लोकही आले, मुसलमानांच्या जीविताची आणि मशिदींची हमी दिली. उपास सुटला. दोनच दिवसांनी, २० ला, बिर्ला भवनात त्याच कटातल्या मदनलाल पाहवाचा बॉम्ब फुटला. कट आधी शिजला होता हे खरं, पण हल्ला आला तो समेट जुळल्यावर, आणि हे इतिहासात पुनःपुन्हा दिसतं. सिफ्फीनच्या लढाईनंतर खलिफा हजरत अलींनी लवाद मान्य केला म्हणून खवारिज त्यांच्यापासून फुटले, आणि त्यांच्यातल्याच इब्न मुल्जमनं इ.स. ६६१ मध्ये कूफ्याच्या मशिदीत त्यांच्यावर तलवार चालवली. फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीनं प्रोटेस्टंटांना सवलती दिल्या, त्याला १६१० मध्ये कॅथलिक रावायाकनं भोसकलं. अकाली दलाचे संत लोंगोवाल यांनी २४ जुलै १९८५ ला राजीव गांधींशी करार केला आणि २० ऑगस्टला शेरपूरच्या गुरुद्वारात ते मारले गेले. इजिप्तचे सादात इस्रायलशी तह करून गेले, इस्रायलचे राबिन पॅलेस्टिनींशी बोलणी करून. सादातना मारणाऱ्यांच्या गटातल्या अब्दुस्सलाम फरजनं तर पुस्तिकाच लिहिली होती की दूरच्या शत्रूआधी जवळचा. भांडण चालू राहण्यावर ज्याचं सगळं उभं आहे, त्याला समेट करणारा आपला माणूस सर्वांत महाग पडतो.

गांधीहत्येच्या खटल्याचं थोडक्यात: लाल किल्ल्यात न्या. आत्माचरण, निकाल १० फेब्रुवारी १९४९, सावरकर निर्दोष, १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाल्यात नथुराम आणि आपटे फाशी. हत्येनंतर महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जळली, तो वेगळा आणि लाजिरवाणा अध्याय.

मारला गेलेला प्रत्येक धर्मगुरू आपल्याच माणसांनी मारलेल्यांच्या वरच्या यादीत घालू नये, हेही सांगायला हवं. जुलै २०२२ मध्ये येवल्याजवळ अफगाणिस्तानातून आलेल्या एका सूफी गुरूला गोळी घातली, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर दिवसभर धर्मयुद्ध पेटलं होतं. पोलिसांनी कारण सांगितलं ते मालमत्तेचं, आणि संशयित त्या गुरूच्या रोजच्या वावरातलेच होते. डॉ. दाभोलकरांनाही मी या रांगेत बसवत नाही. ते धर्माचे पुढारी नव्हते, प्रश्न विचारणारे होते, आणि त्यांच्या खुनाचा विचार स्वतंत्रपणेच करायला हवा.

दिल्लीत बिर्ला भवनात मी रेंगाळलो ते बागेतल्या वाटेवर. खोलीपासून प्रार्थनेच्या जागेपर्यंत सिमेंटमध्ये पावलं उठवलेली आहेत. अंतर इतकं थोडं की बरोबरच्या मुलांनी ते खेळत पार केलं. २० तारखेनंतर पोलिसांना प्रार्थनेला येणाऱ्यांच्या झडत्या घ्यायच्या होत्या, गांधीजींनी साफ नकार दिला. साध्या वेशातले पोलीस पेरले गेले, पण त्यांची नजर शोधणार कोणाला? ३० तारखेला समोर आला तो हात जोडलेला, वाकून नमस्कार करणारा एक मराठी हिंदू. राबिनचा मारेकरी आवारात उभा होता, त्याला पोलिसांनी ड्रायव्हर समजून हटकलं नाही. सादातचे मारेकरी त्यांच्याच लष्कराच्या संचलनात होते. पहारा परक्यासाठी असतो. मदनलालनं एका मराठी वर्तमानपत्राच्या संपादकाचा उल्लेख केला होता. 'हिंदुराष्ट्र'चा संपादक, म्हणजे नथुराम, कसा दिसतो हे पुण्याच्या पोलिसांना ठाऊक होतं, आणि त्यांच्यापैकी कोणी त्या बागेत नव्हतं. हत्येच्या कटाची चौकशी करणाऱ्या कपूर आयोगाचा अहवाल येईपर्यंत १९६९ उजाडलं.