झाकण उघडलं, पण माऊसचा बाण हलेना? दुकानात नेण्याआधी एवढं करून बघा

खरिपाच्या पीक विम्याचा शेवटचा दिवस. घरच्या लॅपटॉपवर चुलत्यांचा अर्ज भरत होतो. सातबारा, आधार, पासबुक सगळं चढवून झालं. तेवढ्यात थ्री फेज लाइट आली म्हणून झाकण लावून मोटार चालू करायला गेलो. येऊन झाकण उघडलं तर अर्ज समोर तसाच, पण टचपॅडवर बोट फिरवून फिरवून बाण जागचा हलेना. आप्पा शेजारी बसून एकच विचारत होते, "मुदत आजचीच हाय ना रं?"

हा त्रास बऱ्याच जणांना होतो, म्हणून नीट सांगतो.

झाकण लावलं की लॅपटॉप बंद होत नाही, झोपतो. याला स्लीप म्हणतात. त्यात मेमरीला थोडी वीज चालू राहते आणि बाकी बऱ्याच भागांची वीज तोडली जाते. झाकण उघडल्यावर एकेका भागाला परत जागं करावं लागतं. टचपॅड चालवणारा जो प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. उठताना या दोघांचं जुळलं नाही की बाण अडकतो, उड्या मारतो, नाहीतर दोन बोटांनी पान सरकत नाही. म्हणजे दर वेळी पार्टच गेलेला असतो असं नाही.

आता काय करायचं, ते क्रमाने बघा.

१. झाकण परत लावा, मिनिटभर थांबा, उघडा. कधी कधी एवढ्यावरच काम होतं.

२. कीबोर्डच्या वरच्या ओळीत टचपॅडचं चित्र असलेलं बटण शोधा. ते एकटं किंवा एफएन बटणासोबत दाबा. चुकून टचपॅड बंद झालेलं असू शकतं.

३. काम अर्धवट असेल तर वायरचा माऊस लावा. टचपॅड रुसलं तरी माऊस बहुतेक वेळा चालतो. माऊस नसेल तर टॅब दाबत पुढच्या रकान्यात जा आणि बटणावर आलात की एंटर दाबा.

४. काम सेव्ह झाल्यावर रीस्टार्ट करा. विंडोज बटण आणि एक्स एकत्र दाबा, मग यू, मग आर. शटडाऊन नको, रीस्टार्टच. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊनमध्ये जुनी अवस्था काही अंशी जपून ठेवली जाते आणि तोच घोळ परत येऊ शकतो.

५. रोजच असं होत असेल तर विंडोज आणि एक्स, मग एम दाबून डिव्हाइस मॅनेजर उघडा. टचपॅडच्या नावावर जाऊन पॉवर मॅनेजमेंट बघा. वीज वाचवायला हे उपकरण बंद करू द्यावं, अशी तिथे टिकमार्क असेल तर काढा. सगळ्याच लॅपटॉपमध्ये हा पर्याय दिसत नाही. नसेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या वेबसाइटवरून आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर टाका. अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर तिथेच ड्रायव्हरच्या भागात रोल बॅक करून जुना ड्रायव्हर परत आणता येतो.

६. बाण थरथरत असेल तर चार्जर काढून बघा. काढल्यावर शांत झाला तर दोष अर्थिंगचा असू शकतो. आपल्याकडे कितीतरी बोर्डांना अर्थिंग नसतंच. ओल्या हातानं, घामेजल्या बोटानंही बाण भरकटतो.

एक गोष्ट मात्र घरी करू नका. टचपॅड वर उचललेलं दिसत असेल, झाकण नीट बसत नसेल, तर खालची बॅटरी फुगलेली असू शकते. दाबू नका, चार्जिंगला लावू नका, सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्या. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

आप्पांच्या अर्जाचं म्हणाल तर शेजारच्या पोराचा वायरचा माऊस आणला, अर्ज जमा केला, पावती काढली आणि मगच रीस्टार्ट मारलं. टचपॅड निमूट चालू झालं. पण आप्पांचा तेवढा अर्धा तास काही भरून निघाला नाही. तेव्हापासून वायरचा एक माऊस घरात ठेवलाय, आणि अर्ज अर्धा असताना झाकण लावत नाही. तुम्हीही लावू नका.